पत्र संपायच्या आधीच दहापैकी दहा

ही गेल्याचा हॉस्पिटलातून फोन आला, तेव्हा मी समोरच्या गिऱ्हाइकाला सांगत होतो, "नियोजन नीट असेल ना, तर आयुष्यात अचानक असं काही घडतच नाही!"

सकाळी ती म्हणाली होती, "साध्या तपासण्या आहेत, तुम्ही ऑफिसला जा." मी गेलो. गिऱ्हाईक भला माणूस. त्याने माझ्या हातातला फोन खाली ठेवला, मला टॅक्सीत बसवलं, आणि पुढच्या आठवड्यात आपली सगळी गुंतवणूक दुसऱ्या सल्लागाराकडे नेली.

आठ महिन्यांनी संपत्ती सल्लागारांच्या संघटनेतून सचिवांचा फोन आला. "साहेब, यंदाच्या पुरस्कारांना परीक्षक म्हणून..."

"येतो!"

या पुरस्कारांबद्दल लोकांचा एक गोड गैरसमज असतो. आपल्याला कुणीतरी हेरतं, आपलं नाव सुचवतं, वगैरे. छे! आपलं नाव आपणच सुचवायचं. अर्जात स्वतःला 'दूरदृष्टीचे' म्हणायचं. सोबत एका समाधानी गिऱ्हाइकाचं पत्र जोडायचं. तेही आपणच लिहायचं आणि मेहुण्याची सही घ्यायची! मी नऊ वर्षं अर्ज केले, नऊ वर्षं मेहुण्याने सह्या केल्या. दहाव्या वर्षी तो म्हणाला, "भाऊजी, यंदा मीच उभा राहू का?"

परीक्षक व्हायचं म्हटल्यावर मी छाती फुगवून मुलीला फोन केला.

"बाबा, परीक्षकाला आधी दुसऱ्याचं नीट ऐकून घ्यावं..."

"माहीत आहे गं!"

"बघा, माझं वाक्यसुद्धा..."

"कळलं, कळलं!"

संघटनेच्या कार्यालयात लांब टेबलाभोवती आम्ही चौघं बसलो. मी, एक निवृत्त बँक मॅनेजर, कॉमर्स शिकवणाऱ्या एक प्राध्यापिकाबाई, आणि एक गृहस्थ ज्यांचा टाय त्यांच्याआधी खोलीत शिरायचा. त्यांना मी मनातल्या मनात टायवाले म्हणू लागलो. अर्जांवरची नावं काळ्या पट्टीने झाकलेली, पत्रं पुन्हा टाइप केलेली. कोणाचं अक्षर ओळखू यायला नको! तरीही अर्ज ओळखीचा निघालाच, तर परीक्षकाने उठून व्हरांड्यात जायचं, हा नियम.

"मला व्हरांड्याची गरज नाही," मी ठणकावून सांगितलं. "या धंद्यात मला कोणाचंच कौतुक नाही. मी संपूर्ण निःपक्षपाती!"

गट होता 'कुटुंबाचा विश्वासू सल्लागार'. पहिला अर्ज टायवाल्यांच्या साडूचा निघाला, ते बाहेर गेले. दुसरा मॅनेजरांच्या भाच्याचा, तेही जाऊन आले. दोन्ही अर्जांना बेताचे गुण पडले. तिसऱ्या अर्जाला सगळे जागेवर होते. माझा आवाज खणखणीत, म्हणून पत्र मीच वाचायला घेतलं.

"'माझे पती याच व्यवसायात आहेत. हुशार आहेत. पण माझा प्रश्न पुरा होण्याआधी त्यांचं उत्तर तयार असतं. मग मला काय विचारायचं होतं, ते माझं मलाच आठवत नाही.'"

मी खो खो हसलो. "काय पण नवरा!"

"'पेन्सिल अंगठ्याएवढी उरली तरी टाकत नाहीत.'"

प्राध्यापिकाबाईंनी माझ्या हाताकडे पाहिलं. हातात जी काही पेन्सिल उरली होती, ती टेबलावर आपटून मी म्हणालो, "कंजूष!"

"'जेवताना ताटात चमच्याने रेघा ओढून गुंतवणुकीचे भाग समजावतात. जेवण गार होतं.'"

मॅनेजर खोकले. "साहेब, मघाशी जेवताना माझ्या ताटात तुम्ही..."

"ते वेगळं! ते शास्त्रशुद्ध होतं!" मी गुणपत्रिका पुढे ओढली. "या बाईच्या नवऱ्याला चौकात उभं करायला हवं. आणि असल्या माणसाच्या बायकोला ज्याने सांभाळून घेतलं, त्या सल्लागाराला दहापैकी दहा!"

"अहो, पत्र अजून अर्धं बाकी आहे," प्राध्यापिकाबाई हळूच म्हणाल्या.

"बाकीच्यात काय असणार!" मी दहा लिहिले, खाली झोकात सही ठोकली आणि पुढे वाचू लागलो.

"'मी घरी सांगते की शर्ट इस्त्रीला टाकायला चालले. या सल्लागारबाईंचं ऑफिस लाँड्रीच्या वरच आहे. पतींना वाटतं, मला इस्त्रीचं वेड लागलंय. त्यांनी इस्त्रीच्या खर्चाचा तक्ता करून फ्रिजवर लावला आहे.'"

माझा खणखणीत आवाज तिथे थांबला.

तो तक्ता अजून आमच्या फ्रिजवर आहे. लाँड्री आमच्या कोपऱ्यावर आहे. वरच्या दहा बाय दहाच्या खोलीत ती तरुण सल्लागार आली, तेव्हा 'सहा महिने टिकायची नाही' असं भाकीत मीच केलं होतं. हिच्यासमोर. हिने तेव्हा नुसतं "हो का?" म्हटलं होतं.

"मी वाचू का पुढचं?" प्राध्यापिकाबाईंनी विचारलं.

"नको," मी म्हणालो आणि स्वतःच वाचू लागलो.

"'डॉक्टरांनी मला जे सांगितलं, ते पतींना सांगितलेलं नाही. ते लगेच तक्ता करतील. या बाईंनी तक्ता केला नाही. तासभर ऐकलं आणि एकच विचारलं, तुम्हाला भीती कशाची वाटते? मी म्हटलं, माझ्यामागे माझ्या नवऱ्याचं कसं होईल याची. मग आम्ही दोघींनी घरातलं सगळं एका वहीत लिहून काढलं. ती वही या बाईंपाशी ठेवली आहे. पती स्वतः मागायला आले तरच द्यायची, असं ठरलंय. त्यांनी एकदा तरी विचारावं आणि उत्तर पुरं ऐकावं, एवढ्यासाठी.'"

मी पेन्सिल खिशात टाकली. "ओळखीचा अर्ज आहे," म्हणालो आणि व्हरांड्यात गेलो.

मिनिटभरात दार उघडलं. मॅनेजर बाहेर आले. "मी तुम्हाला ओळखतो. म्हणजे आता अर्ज माझ्याही ओळखीचाच झाला." त्यांच्यामागून प्राध्यापिकाबाई चष्मा पुसत आल्या. "मलाही आता निःपक्षपाती राहता येणार नाही." शेवटी टायवाले. "आत मी एकटा काय करू? भिंतीशी चर्चा?"

तेवढ्यात फायली घेऊन सचिव आले. "आत कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग निर्णय कोण घेतंय?"

आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. सचिव आत गेले आणि या अर्जाची एकुलती एक भरलेली गुणपत्रिका घेऊन परतले.

"दहापैकी दहा! ही सही तुमची ना, साहेब?"

"माझी. पण ती बाद करा. पत्र माझ्या बायकोचं आहे."

"गुण देताना ठाऊक होतं?"

"नाही. पत्र पुरं ऐकायच्या आधीच दिले."

"मग त्या घडीला तुम्ही संपूर्ण निःपक्षपाती होता!" सचिवांनी नियमांची पुस्तिका उघडून कलम दाखवलं. "बाहेर जाण्याआधी दिलेले गुण ग्राह्य. उरलेले तिघे गैरहजर. सरासरी, दहा!"

आयुष्यभर ज्या खोडीवरून ऐकून घेतलं, तिने या सल्लागारबाईला जिंकून दिलं!

समारंभात मी पहिल्या रांगेत बसलो. निवेदकाने "आणि विजेत्या आहेत..." एवढंच म्हटलं, आणि अख्ख्या सभागृहात मी एकटाच टाळ्या वाजवू लागलो. माणसं वळून बघत होती. मग ती मंचावर आली. पुरस्कार घेताना तिने माझ्याकडे नीट पाहिलं, मान लववली, आणि वहीचं नाव न काढता खाली उतरली. शब्दाची पक्की आहे. सहा महिने सोडा, ती साठ वर्षं टिकेल! हे भाकीत मात्र मी विचार करून करतोय.

हल्ली एक दिवसाआड मी शर्ट घेऊन कोपऱ्यावर जातो. काल लाँड्रीवाला म्हणाला, "साहेब, ही घडी अजून मोडलेलीसुद्धा नाही." मी म्हटलं, "पुन्हा करा!" आणि तो इस्त्री करत असताना तिच्या ऑफिसकडे जाणाऱ्या बाजूच्या जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. अठरा आहेत.

वही अजून तिच्याकडेच आहे. मी मागितलेली नाही.