सुस्थितीत ताब्यात घेतलं

एकशे बारा बसगाड्या, साडेतीनशे चालक-वाहक आणि रोजच्या नऊशे फेऱ्या. हे सगळं ज्याच्या एका तक्त्यावर चालतं, तो माणूस मी! आमच्या आगारात कोणी कधी गाडी बाहेर काढायची, कोणी कधी जेवायचं आणि कोणाची आजी यंदा तिसऱ्यांदा वारली, हे माझ्या टेबलावर ठरतं. आता तुम्हीच सांगा, ज्याला एकशे बारा बसगाड्या सांभाळता येतात, त्याला दोन किलो नऊशे ग्रॅमचं एक बाळ सांभाळता येणार नाही?

हाच प्रश्न मी सासूबाईंना विचारला होता. त्या "नाही" म्हणाल्या.

सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांच्या "नाही"नंतर वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येत असे म्हणतात. पण या खेपेला त्यांचं चुकत होतं असंही छातीठोकपणे सांगता येत नाही. कारण प्रसूतीच्या दिवशी मी जे केलं, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

बाळ मुळात सहा दिवस उशिरा आलं. कळा सुरू झाल्या तसा मी वही घेऊन बायकोच्या उशाशी बसलो आणि नोंदी करू लागलो. "सात मिनिटं... साडेसहा... अगं, ही दीड मिनिट आधीच आली!" त्यावर बायकोनं माझा उजवा हात असा काही आवळला, की पुढच्या सगळ्या नोंदी डाव्या हातानं कराव्या लागल्या. शेवटी दाईंनी मला बाहेर काढलं. तासाभरानं त्याच एक गाठोडं घेऊन आल्या. आत लालबुंद चेहरा, मुठी आवळलेल्या, कपाळावर आठ्या. साहेबीणच!

"घ्या, मुलगी झाली!" म्हणत त्यांनी गाठोडं माझ्यापुढे धरलं. आणि माझे दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले.

"आधी माझे बाबा घेतील," मी म्हणालो. "वडीलधाऱ्यांचा मान."

मान कसला! ती एवढीशी मान आणि माझे हे दोन खरखरीत हात. मी टरकलो होतो. हे कोणाच्या लक्षात आलं नाही असं मला वाटलं, पण सासूबाईंनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तिथल्या तिथे निकाल दिला. "दोघींना मी माझ्याकडे नेते. तीन महिने."

तीन महिने! सासूबाईंचं घर म्हणजे सात तासांचा प्रवास आणि मध्ये दोनदा गाडी बदलणं. तोवर पोरगी हसायला लागेल, पालथी पडेल, आणि मी दारात गेलो की कोण हा बुवा म्हणून भोकाड पसरेल!

"आई, आठ दिवस द्या. मी सगळं शिस्तीत चालवून दाखवतो."

"तीन देते. तिसऱ्या दिवशी वजन करायला दवाखान्यात न्यायचंय. तोवर एक जरी घोळ झाला, तर बॅगा भरल्याच समजा."

घरी आल्या आल्या मी भिंतीवर तक्ता लावला. तीन रंगांत! सकाळची पाळी बाबांची, दुपारची सासूबाईंची, मग पुन्हा बाबांची. बाबा आमच्याच आगारातून वाहक म्हणून निवृत्त झालेले. तक्ता बघून त्यांना एकदम तरुण झाल्यासारखं वाटलं. टेबलावर मी ताबा-वही ठेवली. आगारात नाही का, गाडी एकाकडून दुसऱ्याकडे जाताना सही होते, तशी. तारीख, वेळ, शेरा आणि सही. शेऱ्याच्या रकान्यात "सुस्थितीत ताब्यात घेतलं" असं लिहायचं. सोबत नियम. नियम चार : झोपलेल्या बाळाच्या तोंडावरचं पांघरूण काढून बघत बसू नये. नियम सहा : पाळण्यातली गादी आधी कोमट पाण्याच्या रबरी पिशवीनं उबदार करावी, पिशवी काढावी आणि मगच बाळ ठेवावं.

"आणि माझं नाव कुठे आहे?" बायकोनं अंथरुणातून विचारलं.

"तुला पूर्ण विश्रांती! दर तीन तासांनी बाळ तुझ्याकडे दूध प्यायला येईल आणि परत जाईल. तू म्हणजे थांबा. गाडी थांब्यावर येते, थांबा उठून गाडीकडे जात नाही."

"बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली. तिच्या खोलीच्या दारावर मी पाटी लावली : विश्रांती चालू आहे, दार उघडू नये. तिचा फोनही बंद करून कपाटात ठेवला. माझ्यासारखा नवरा मिळायला नशीब लागतं, असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं.

पहिले दोन दिवस सगळं सुरळीत! सासूबाईंनी वहीत शुद्धलेखनाच्या चार चुका काढल्या, बस्स.

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता दवाखाना. दहाच्या सुमाराला मुलगी हॉलमधल्या पलंगावर झोपली होती, बाबांच्या ताब्यात. निघेपर्यंत तिला पाळण्यात ठेवू म्हणून मी स्वतः रबरी पिशवीत कोमट पाणी भरलं, ती पिवळ्या दुपट्यात छान गुंडाळली, पाळण्यात ठेवली आणि बस कुठवर आली ते बघायला गॅलरीत गेलो. बाबा सही करायला चष्मा हवा म्हणून स्वयंपाकघरात चष्मा शोधत होते.

मी परत आलो तेव्हा हस्तांतर झालंसुद्धा होतं! सासूबाईंच्या कुशीत पिवळं दुपटं, खांद्याला बाळाच्या सामानाची कापडी पिशवी. वहीत बाबांची सही, सासूबाईंची सही, शेरा सुस्थितीत. मला भरून आलं.

आम्ही अर्थातच आमच्याच बसनं गेलो. वाहक ओळखीचा. त्यानं पुढची जागा रिकामी करून दिली, आणि प्रवाशांनी माना उंच करून दुपट्याकडे पाहिलं.

"काय शांत मूल आहे हो!" मागच्या बाई म्हणाल्या.

"माझ्यावर गेलीये," सासूबाई म्हणाल्या. "आमच्याकडे रडारड नाहीच."

"अंग कसं छान कोमट आहे," बाबांनी दुपट्यावर हात ठेवून सांगितलं.

उतरताना सासूबाईंनी दुपट्याखाली हात लावून पाहिला. "शू केलीन वाटतं!" त्या हसत म्हणाल्या. तीन दिवसांत पहिल्यांदा हसल्या! मी मनातल्या मनात त्यांच्या भरलेल्या बॅगा रिकाम्या केल्या.

दवाखान्यात नर्सबाई म्हणाल्या, "गाढ झोपलीये का? मग उठवू नका, आधी कपड्यांसकटच घेते." दुपटं काट्यावर गेलं. "दोन आठशे. जन्माच्या वेळी दोन नऊशे होती ना? पहिल्या दिवसांत थोडं उतरतंच. उत्तम!" आणि त्यांनी कार्डावर वजन लिहूनही टाकलं!

मग डॉक्टर आले. "बघू या आमची राणी," असं लाडात म्हणत त्यांनी दुपट्याचं टोक बाजूला केलं. थांबले. दुसरं टोक बाजूला केलं. मग आमच्या तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि फार शांत आवाजात म्हणाले, "बूच जरा सैल आहे."

सासूबाईंनी वाकून दुपट्यात पाहिलं.

"व्याही!" सासूबाई ओरडल्या. "काय दिलंत तुम्ही मला?"

"मी सुस्थितीत दिलं! तुमची सही आहे, विहीणबाई!"

"चष्मा कुठे होता तुमचा?"

"तुमच्या डोळ्यांवर तर होता ना? मग तुम्ही का नाही पाहिलंत?"

"नियम चार!" सासूबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "यांचा नियम चार!"

पाळण्यात पिशवी होती हे मला ठाऊक, पण मग बाळ कुठे? एवढ्यात बाबांनी विचारलं, "आणि ती कापडी पिशवी कुठे गेली?" सासूबाईंच्या खांद्यावर पिशवी नव्हती! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे बाळ पिशवीजवळ होतं, म्हणजे दोन्ही बसमध्ये राहिलं! कसं ते विचारू नका. त्या वेळी ते अगदी सरळ वाटलं होतं. मी आगारात नियंत्रण कक्षाला फोन लावला.

"बारा नंबरच्या बसमध्ये राहिलंय!" मी किंचाळलो. "माझं... माझं..."

"सावकाश साहेब. हरवलेल्या वस्तूचा फॉर्म भरतो. वर्णन?"

"छोटंसं! गुलाबी! डोक्यावर थोडे केस!"

"चालू स्थितीत आहे?"

"अजून चालत नाही हो, तीन दिवसच झालेत घरी आणून!"

"म्हणजे नवीनच. खरेदीची पावती आहे का?"

"अरे मुलगी आहे माझी!"

मग जे झालं, ते आमच्या आगाराच्या इतिहासात कधी झालं नव्हतं. त्या भल्या माणसानं फक्त बारा नंबरलाच नाही, तर रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांना निरोप दिला. शहरभर बसगाड्या जिथल्या तिथे थांबल्या. वाहक सीटखाली वाकले, त्यांच्यामागे प्रवासी वाकले. माझं वेळापत्रक माझ्याच पोरीपायी कोलमडलं, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून नुसता रडत होतो. तीन दिवसांत मी तिला एकदाही हातात घेतलं नव्हतं, एवढंच सारखं आठवत होतं.

दहा मिनिटांनी फोन वाजला. "सापडलं साहेब! एकदम सुरक्षित आहे! गाडी थेट तुमच्या घरी पाठवतोय!"

आम्ही तिघं पळत सुटलो. बाबा या वयात माझ्या पुढे! घरासमोर बारा नंबर उभी होती, मार्ग सोडून, आतल्या सगळ्या प्रवाशांसकट. चालक आनंदानं हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. वाहकानं दारातून उतरून दोन्ही हातांनी, अगदी अलगद, माझ्या हातात ठेवली... कापडी पिशवी! आत सहा लंगोट, पावडरचा डबा आणि बाबांचा चष्मा.

सासूबाई मटकन फूटपाथवर बसल्या. प्रवाशांत कुजबुज सुरू झाली. आता बायकोला काय सांगू, या विचारानं मी वर पाहिलं.

खिडकी धाडकन उघडली.

"कोण मेलं हॉर्न वाजवतंय?" बायको ओरडली. "दोन तासांनी आत्ता कुठे झोपली होती!"

तिच्या खांद्यावर पिवळं नाही, पांढरं दुपटं होतं. आणि त्यातून एक लालबुंद, आठ्या घातलेला चेहरा गावभर ऐकू जाईल अशा आवाजात रडत होता. त्याहून गोड आवाज मी आजवर ऐकलेला नाही! बसमधून टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या सीटवरच्या बाई म्हणाल्या, "म्हणजे रडते की!"

जिना मी किती पावलांत चढलो, माहीत नाही. दारावरच्या पाटीसकट दार ढकललं.

"तू... तुझ्याकडे कशी?"

"पलंगावर चुळबुळ करत होती. भूक लागली होती तिला. आजूबाजूला कोणी नव्हतं, म्हणून घेऊन आले आत. थांबा उठून गाडीकडे गेला."

"पण सही?"

तिनं फक्त माझ्याकडे पाहिलं. तिघांनी सगळं शहर पालथं घातलं, पण मूल आईजवळ असेल ही शंका एकालाही आली नव्हती. कारण तक्त्यात आईच नव्हती!

"आणि तुझं नाव तरी कुठे आहे तक्त्यात?" तिनं विचारलं.

"मी... मी नियंत्रक आहे."

"भित्रा आहेस. हात पुढे कर."

"अगं, मान..."

"हात."

मी हात पुढे केले. तिनं मुलगी त्यावर ठेवली आणि माझा कोपर जरासा वर केला, बस्स. एवढंच करायचं होतं! पोरगी रडायची थांबली. एक डोळा उघडून तिनं मला वरपासून खालपर्यंत तपासलं. मी हसत होतो आणि रडतही होतो, आणि कोणी पाहिलं तरी मला चालणार होतं.

मागे सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. मी मान खाली घातली. "आई, बॅगा भरून देतो."

"काही गरज नाही. तीन महिने मीच इथे राहते," त्या म्हणाल्या. "या घरात तुम्हा बापलेकांना एकटं सोडणं धोक्याचं आहे."

मग त्यांनी भिंतीवरचा तक्ता काढला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर स्वतःच्या सुवाच्य अक्षरात नवा लिहिला. पहिल्या ओळीत आई, सर्व पाळ्या, इच्छेनुसार. मग त्या स्वतः. मग बाबा, चष्म्यासह. माझं नाव शोधत शोधत मी तळाला पोचलो. तिथे लिहिलं होतं : वडील – राखीव.

राखीव म्हणजे काय, हे आगारातल्या माणसाला सांगावं लागत नाही. गणवेश घालून दिवसभर बाकावर बसायचं, आणि कुठे काही घोटाळा झाला की धावायचं. अकरा वर्षं मी लोकांना राखीव ठेवत आलो. आता मला ठेवलं होतं.

माझी पहिली ड्यूटी पाचव्या मिनिटाला लागली. शर्ट बदलून येऊन हे लिहितोय.