तुलनेला कोण होतं?

माझ्या सासूबाई व्हिजिट व्हिसावर शारजाला आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. मेधाला, म्हणजे माझ्या बायकोला, सर्दी झाली. सासूबाईंनी काढा दिला आणि आठ दिवसांत सर्दी गेली. समोरच्या फ्लॅटमधले पास्कल लोपीस सत्यनारायणाच्या प्रसादाला आले, तेव्हा सासूबाईंनी हा पराक्रम त्यांना साद्यंत ऐकवला. लोपीसांनी शिऱ्याचा घास गिळला, चमचा खाली ठेवला आणि फार अदबीने विचारलं, "आणि काढा न घेतलेल्या मेधावहिनी कुठे आहेत?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. जावयाने दुसरं घर तर केलेलं नाही ना, असा तो कटाक्ष होता.

"नाही, म्हणजे तुलनेला कोण होतं?" लोपीस म्हणाले. "काढा नसता दिला तर सर्दी किती दिवसांत गेली असती, हे कळायला नको?"

सासूबाई पुढचे दोन महिने त्यांना 'तो तुलनेवाला' म्हणत होत्या. आमच्या इराला मात्र हा माणूस भलताच आवडला. "ही इज सो फनी, बाबा," ती म्हणाली. या देशात वाढलेल्या मुलीला स्वतःचा बाप सोडून बाकी सगळेच फनी वाटतात.

लोपीस मूळचे वसईचे. दुबईतल्या एका हॉस्पिटलात ते स्टडी कोऑर्डिनेटर होते. म्हणजे नवीन औषध खरंच गुण देतं का, याचा जो अभ्यास चालतो, त्यात गोळ्यांच्या बाटल्या वाटायच्या, रिकाम्या परत घ्यायच्या आणि उरलेल्या गोळ्या मोजायच्या. ही माहिती त्यांनी पहिल्याच भेटीत दिली आणि वर म्हणाले, "आमचे अभ्यास औषध कंपनीचे नसतात हां. इंडिपेंडंट. पुढे सगळ्या डॉक्टरांनी काय लिहून द्यायचं, त्याचा नियम त्यावर ठरतो." मला त्या वेळी त्यात अभिमान बाळगण्यासारखं काही दिसलं नाही. मी जबल अलीच्या वेअरहाऊसमध्ये आयुष्यभर खोकीच मोजत आलो होतो.

त्यांना गाडी चालवता येत नव्हती आणि मला एकट्याला ट्रॅफिक सहन होत नव्हतं, म्हणून रोज सकाळी ते माझ्या गाडीत बसायचे. शारजा-दुबई रस्त्यावर सकाळी जो तासन् तास अडकला आहे त्यालाच माहीत, की त्या वेळात माणूस एक तर देवाचं नाव घ्यायला लागतो नाही तर शेजाऱ्याचा जीव घ्यायला. मी म्हणायचो की आतला रस्ता लवकर पोचवतो. लोपीसांनी विचारलं, "तुलनेला कोण होतं?" दुसऱ्या दिवसापासून फाटा आला की ते एक दिरहमचं नाणं उडवायला लागले. छाप आली तर आतला रस्ता, काटा आला तर हायवे. निवड माझ्या हातात ठेवायला ते तयार नव्हते. "तुम्ही आवडत्या रस्त्याकडे झुकणार, सावंत. माणूस झुकतोच." पोचल्याची वेळ ते छोट्या डायरीत टिपायचे. हे वर्षभर चाललं. वर्ष संपल्यावर त्यांनी निकाल सांगितला, "दोन्हीकडून सारखाच उशीर होतो."

"मग या उद्योगातून मिळालं काय?"

"आधी माहीत नव्हतं. आता माहीत आहे. खलास."

सांगायचा मुद्दा, माणूस सहन होण्यासारखा नव्हता. त्यांची बायको सिसिलिया काही वर्षांपूर्वी वारली होती. मूलबाळ नव्हतं. 'एकटा माणूस, डोक्यावर परिणाम होणारच,' असं आम्ही बिल्डिंगमधले मराठी लोक आपसात म्हणायचो. एकट्या माणसाविषयी असं बोललं की आपल्याला त्याच्याकडे जावं लागत नाही.

मग आमच्या मराठी मंडळात एक व्याख्यान झालं. मी मंडळाचा सेक्रेटरी. भारतातून एक गुरुजी आले होते. विषय 'किडनी आणि आपली परंपरा'. मागे भलामोठा फलक, फलकावर त्यांच्याच चूर्णाचा डबा, दाराशी त्याच डब्यांची रास. गुरुजी म्हणाले, हजारो लोक बरे झाले. टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत लोपीस उभे राहिले.

"हजारो बरे झाले ते कळलं. चूर्ण न घेतलेले असेच लोक किती बरे झाले? आणि हा अभ्यास कोणाचा? डबा ज्याचा, त्याचाच ना?"

गुरुजी म्हणाले, श्रद्धा हवी. लोपीस म्हणाले, "श्रद्धा माझ्याकडेही आहे, रविवारी चर्चमध्ये. किडनीला ती कळत नाही." सभागृहात गोंधळ झाला. कोणी म्हणालं, हा आपल्या परंपरेला बोलतो. मी माइक घेतला, लोपीसांना खाली बसवलं आणि घरी पोचायच्या आत त्यांना मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढून टाकलं. त्यातले चार डबे माझ्या डिकीत होते, हे इथे सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे गाडीत येऊन बसले. पट्टा लावला आणि विचारलं, "ग्रुपमधून मी आपोआप गेलो की कोणी काढलं?"

"मी काढलं."

"बरं. कारण माहीत असलेलं चांगलं," असं म्हणून त्यांनी खिशातून नाणं काढलं. तो अभ्यास संपला होता, पण नाणं उडवायची सवय गेली नव्हती.

डबे मी उगाच घेतले नव्हते. त्याच महिन्यात कंपनीच्या मेडिकलमध्ये माझ्या किडनीत खोट निघाली होती. मधुमेह जुनाच होता. क्लिनिकमधला डॉक्टर म्हणाला, आत्ताच आवरलं तर आवरेल. त्याने एक गोळी लिहून दिली. नाही आवरलं तर पुढे डायलिसिस, आणि डायलिसिसवर असलेल्या वेअरहाऊस मॅनेजरला कुठली कंपनी ठेवते? व्हिसा गेला की घर गेलं, इराचं कॉलेज गेलं. ही भीती मी मेधालाही नीट सांगितली नाही. लोपीसांना सांगितली, कारण ट्रॅफिकमध्ये माणूस काहीही सांगतो.

त्यांनी गोळीचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी डायरी काढली, उघडली आणि काही न टिपता परत खिशात ठेवली. मग म्हणाले, "ही गोळी चांगली आहे. नियमात आली आहे आता. एकही दिवस चुकवायची नाही. महिनाअखेर रिकामी पाकिटं मला दाखवायची."

"लोपीस, मी तुमचा पेशंट नाही."

"म्हणूनच म्हणतो. पेशंटला विचारणारा कोणीतरी असतो."

तेव्हापासून रोज सकाळी गाडीचं दार उघडलं की पहिला प्रश्न, "गोळी घेतलीत?" मी म्हणायचो, घेतली. पहिले दहा दिवस खरंच घेतली. गोळी जिभेवर ठेवली की कडूजहर, आणि उठताना चक्कर. उलट चूर्णाला वेलदोड्याचा वास होता आणि डब्यावर 'शंभर टक्के नैसर्गिक' लिहिलेलं होतं. मी गोळी सोडली. महिन्याच्या शेवटी बेसिनपाशी उभा राहून चंदेरी कागद फोडून पाकिटात उरलेल्या सगळ्या गोळ्या एकेक करून बाहेर काढायच्या, नळ सोडायचा आणि रिकामी पाकिटं लोपीसांना नेऊन दाखवायची, असं तीन महिने केलं. ते पाकिटं मोजायचे, डायरीत खूण करायचे आणि इतक्या समाधानाने मान हलवायचे की मला हसू यायचं. एवढा पुरावा मागणारा माणूस आणि मी त्याला रिकामी पाकिटं देऊन गंडवतो आहे, याचा मला आनंद होता. तोही सांगून टाकतो.

चौथ्या महिन्यात माझा रिपोर्ट आला. किडनीचा आकडा वाढला होता, आणि चांगल्या बाजूला नाही. डॉक्टर म्हणाला, "गोळी घेऊनही इतका वाढतो म्हणजे कमाल आहे, हबीबी." मी मान खाली घातली. शनिवारी दुपारी रिपोर्ट आणि तिसऱ्या महिन्याची पाकिटं घेऊन लोपीसांकडे गेलो. खरं सांगावं म्हणून नाही. त्यांच्या गोळीने काही होत नाही, हे त्यांना दाखवावं म्हणून.

हॉलमध्ये सिसिलियावहिनींचा फोटो, त्याखाली छोटा क्रूस. लोपीसांनी रिपोर्ट वाचला. मग पाकिटं उजेडात धरून उलटसुलट पाहिली.

"सावंत, ही एका बैठकीत फोडली आहेत."

"म्हणजे?"

"रोज एक गोळी काढणारा माणूस कधी घाईत काढतो, कधी आरामात. कधी कागद नीट फाटतो, कधी अर्धाच. इथे सगळी भोकं सारखी आहेत. मागच्या महिन्यात मला संशय आला होता. म्हटलं, दोस्तावर नको घ्यायला." त्यांनी पाकिटं टेबलावर ठेवली. "आमच्याकडे असे लोक यायचे. बाटली टॉयलेटमध्ये ओतून रिकामी आणायचे. त्यांना वाटायचं, आम्ही रागावू."

पकडला गेलेला माणूस नेहमी शहाणा होतो असं नाही. मी पिसाळलो. म्हणालो, "मला शिकवू नका. आयुष्यभर दुसऱ्यांना विचारत आलात. तुमच्या या गोळीला तरी तुलनेला कोण होतं? सांगा ना!"

लोपीस फोटोकडे बघत म्हणाले, "सिसिलिया होती. बहुतेक."

ते उठले आणि फोटोमागून एक लिफाफा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. चिकटवलेला, कडा मऊ पडलेल्या, पण न फोडलेला.

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. वहिनींच्या किडन्या मधुमेहाने खराब होत होत्या. ही गोळी तेव्हा नवी होती आणि अभ्यासाबाहेर मिळत नव्हती. ती उपयोगी आहे की नाही, हेच कोणाला माहीत नव्हतं. म्हणून अभ्यास. अर्ध्या लोकांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण आत काही नसलेली. कोणाला कुठली, ते ना पेशंटला ठाऊक, ना डॉक्टरला, ना बाटली देणाऱ्याला. लोपीसांनी मोठ्या डॉक्टरांना सांगून, परवानगी घेऊन बायकोचं नाव घातलं. बाटल्यांवर फक्त नंबर. कोणत्या नंबराला काय, ते बंद लिफाफ्यांत, लिफाफे कपाटात, आणि कपाटाची किल्ली लोपीसांकडे.

"जेवणाच्या सुट्टीत दोनदा त्या कपाटासमोर जाऊन उभा राहिलो," ते म्हणाले. "तिचा लिफाफा बघायचा आणि खोटी निघाली तर बाटली बदलायची. पाच मिनिटांचं काम."

"मग का नाही केलंत?"

"एक बाटली बदलली असं कळलं असतं तर बाकीच्या कोणत्याच बाटलीवर विश्वास राहिला नसता. सगळ्यांचा अभ्यास पाण्यात." त्यांनी माझी पाकिटं एकावर एक नीट रचली. "असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आजही सांगतो. रोज पटतंच असं नाही."

वहिनी अभ्यास संपायच्या आत गेल्या. त्यानंतर निकाल आला. गोळी उपयोगी ठरली, नियमात गेली आणि कुठल्या कुठल्या क्लिनिकमधले डॉक्टर ती लिहून द्यायला लागले. माझ्या डॉक्टरनेही त्याच नियमाने लिहून दिली होती. जिने वाट दाखवली त्या बाईला कदाचित एकही खरी गोळी मिळाली नव्हती, आणि मला मिळालेल्या जवळजवळ सगळ्या मी बेसिनमध्ये सोडल्या होत्या. मला माझी शिसारी आली.

"अभ्यास संपल्यावर घरच्यांना कळवतात," लोपीस म्हणाले, "तुमच्या माणसाला कुठली गोळी होती ते. हे ते पत्र."

"उघडलं नाहीत?"

"काय करू उघडून? खरी निघाली, तर खरी घेऊनही ती राहिली नाही. खोटी निघाली, तर किल्ली माझ्या खिशात होती." त्यांनी लिफाफा हाताने सरळ केला. "जगात ही एकच गोष्ट आहे सावंत, जिचा पुरावा मला नको."

थोड्या वेळाने ते स्वतःशीच हसले. "ती मात्र रोज म्हणायची, पास्कल, ही गोळी गोड लागते रे, ही खोटीच असणार. मी तिला ओरडायचो, चवीवरून अनुमान काढायचं नाही. नियम होता, चर्चाही करायची नाही. मी कधी एकही चाखली नाही. एकेक मोजून द्यायची असायची ना. आणि नंतर छाती झाली नाही."

ते आत गेले आणि पाण्याचा ग्लास घेऊन आले. नव्या महिन्याचं पाकीट माझ्या शर्टाच्या खिशात होतं. मी त्यांच्यासमोर एक गोळी काढली आणि जिभेवर ठेवली. तीच ती, कडूजहर. पाण्याचा घोट घेऊन गिळली तरी घशात कडवटपणा रेंगाळत होता.

लोपीस माझ्या तोंडाकडे बघत होते. एवढ्या वर्षांत मला न दिसलेली भीती त्यांच्या चेहऱ्यावर होती.

"कशी लागते हो?" त्यांनी हळूच विचारलं. "गोड असते का?"

"गोड आहे," मी म्हणालो. "चांगली गोड आहे."

लोपीसांनी मान हलवली, लिफाफा उचलून परत फोटोमागे ठेवला आणि पुढे काहीच विचारलं नाही.