पियानोवाल्याला हात जोडता येत नव्हते

नगरचं थेटर भरवावं तर मीच. असं मी रावसाहेबांना तोंडावर सांगितलं आणि तिथंच माझं वाटोळं झालं.

साल चव्वेचाळीस. रॉकेल मिळेना, साखर मिळेना, पण मुंबईहून सिंफनी ऑर्केस्ट्रा मिळाला. पलटणींच्या छावण्यांतून वाजवत चाललेला हा ताफा वाटेत नगरला उतरणार, दुपारी आमच्या नाटकाच्या थेटरात वाजवणार आणि संध्याकाळच्या गाडीनं मनमाडकडे जाणार. सोबत खास पाहुणा, युरोपातला कुणी नामांकित पियानोवाला. स्वागत समितीचे अध्यक्ष आमचे मालक रावसाहेब राधाकृष्ण. संगीतातलं त्यांना जेवणाची घंटा सोडून काही कळत नसे.

"रंगनाथ," ते म्हणाले, "कलेक्टरसाहेब मेमसाहेबांना घेऊन येणार. एक बाक रिकामा दिसता कामा नये. आणि ऑर्केस्ट्राची गाडी चुकता कामा नये. एवढं नीट पार पाड, तुला कायम करतो."

त्यांच्या जिनिंगमध्ये मी हंगामी कारकून. कापूस आला की मी माणूस, कापूस संपला की मी कुणी नाही. सहा वर्षं हेच चाललेलं. कायम हा शब्द ऐकून मला घाम फुटला.

मी थेट फक्रुद्दीनचाचांकडे गेलो. चाचा अत्तर विकत आणि नाटकं बघत. पिटात, रंगमंचासमोरच्या पहिल्या बाकावर ते बसत आणि त्यांनी 'वन्स मोअर' दिला की सगळं थेटर देई. गाणारा हात जोडून माफी मागेपर्यंत वन्स मोअर थांबवायचा नाही, हा नगरचा रिवाज. हात जोडण्याआधी थांबलं तर गाणाऱ्याचा अपमान.

"चाचा, माणसं आणा. फुकट आहे."

"आणतो. पण गानं कसलं?"

"गाणं नाही. नुसतं वाजवणं."

"मग लवकर आटपंल," चाचा म्हणाले.

थेटर भरलं. केडगावहून बैलगाड्या आल्या. बायकांच्या सज्जात भाजीवाली छबूबाई टोपलीसकट बसली. खुर्च्यांवर साहेबलोक, बाकांवर आम्ही. वर तापलेले पत्रे.

पहिला भाग धडाक्यात झाला. मग पाहुणा एकटाच हलकं हलकं वाजवू लागला. लांब बोटांचा, उतरलेल्या चेहऱ्याचा म्हातारा. त्याच्या मुलखाचं लढाईनं काय केलं होतं देव जाणे, पण ते त्या बोटांत उतरलं होतं. थेटरात कुणी खोकलं नाही. तो थांबला आणि चाचांनी डोळे पुसत आवाज टाकला, "वन्स मोअर!"

हजार गळे उठले. ऑर्केस्ट्राच्या मास्तरानं कपाळाला आठ्या घातल्या, पण मेमसाहेब हसल्या. पाहुणा उठला, कमरेत वाकला आणि त्यानं तो भाग पुन्हा वाजवला.

रावसाहेबांनी माझी पाठ थोपटली. "शाब्बास."

भाग संपला. वन्स मोअर. पाहुणा वाकला, बसला, वाजवू लागला. पुन्हा वन्स मोअर, पुन्हा वाकला. आता रावसाहेबांचा तोच हात माझ्या मानेवर होता. "गाडी चुकेल. बंद कर हे."

मी वाकत वाकत चाचांपाशी गेलो. "चाचा, पुरे करा. पाया पडतो."

"आमी कसं पुरे करायचं? त्यो नुसता वाकतोय, हात जोडत न्हाई. त्याला अजून वाजवायचं हाय. लांबून आलेला मानूस, आपन त्याचा अपमान करायचा व्हय?"

वर छबूबाई शेजारणीला म्हणाली, "लई हावरा हाय बाई. ह्याला कुनी घरी बोलवतं का न्हाई?"

तिकडे पाहुण्याचा सदरा पाठीला चिकटलेला. त्यालाही अपमान करायचा नव्हता. नगरचे लोक थांबेनात म्हणून तो वाजवी, तो हात जोडीना म्हणून नगरचे लोक थांबेनात. आणि दोघांच्या सभ्यपणात माझी नोकरी भरडून निघत होती.

शेवटी मी रंगमंचाच्या कडेला गेलो आणि खालून पाहुण्याला हात जोडून दाखवले. त्याला वाटलं, हा इथला नमस्कार. तो उठला आणि मोठ्या मनानं त्यानं हात जोडले. त्याचं बघून मास्तरानं जोडले. मग सगळा ताफा उभा राहिला आणि सगळ्यांनी जोडले.

सगळी कंपनी हात जोडून उभी राहिली की नगरला नाटक संपतं. चाचांनी टोपी घातली. लोकांनी चपला शोधल्या. "ब्येस झालं," म्हणत थेटर रिकामं झालं.

शेवटचा भाग अजून व्हायचा होता.

तो त्यांनी वाजवला. समोर रिकामे बाक, कलेक्टरसाहेब, मेमसाहेब, रावसाहेब आणि मी. वाजवून झाल्यावर साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि दोन टाळ्या वाजवल्या. रावसाहेब लगबगीनं त्यांना दाराकडे नेऊ लागले. ताफ्याला स्टेशनवर जायला अजून जेमतेम वेळ होता. नोकरी अजून वाचत होती.

पाहुणा उभाच होता. त्यानं घाम पुसला, त्या बाकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कसं वाजवलं, असं विचारावं तसं. इंग्रजी मला येत नव्हतं. आले ते दोनच शब्द आले.

"वन्स मोअर," मी म्हणालो.

पाहुण्याचा चेहरा उजळला. तो कमरेत वाकला आणि बसला.

दारात रावसाहेब थांबले. लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली. यंदाही कापूस आला की मला हंगामापुरतं कामावर बोलावतील. मीच हात जोडून विचारून आलोय.