बासष्ट टक्के

मशीन कुठलंही असो, माझ्यापुढे ते शहाण्यासारखं वागतं! नऊ वर्षं मी एका कंपनीच्या मदतकेंद्रात फोनवर बसतो. लोकांचे प्रिंटर, राउटर, कॉम्प्युटर मी नुसत्या आवाजानं दुरुस्त करतो. समोरचा माणूस रडवेला असतो, मी खुर्चीत रेलून बसलेला असतो आणि माझं औषध ठरलेलं असतं. बंद करा, दहापर्यंत मोजा, चालू करा! शंभरातली नव्वद दुखणी एवढ्यानं बरी होतात. उरलेल्या दहांना मी दुसऱ्या विभागाकडे पाठवतो.

आता असा माणूस घरात असताना बायकोच्या इन्क्युबेटरनं दर अर्ध्या तासाला ‘नवीन सॉफ्टवेअर उपलब्ध’ म्हणून टीं-टीं करावं आणि त्या माणसानं ते ऐकून घ्यावं? तुम्हीच सांगा!

इन्क्युबेटर म्हणजे अंडी उबवायचं यंत्र. छोट्या फ्रिजएवढी पेटी, तिला काचेचं दार आणि वर एक कंट्रोलर. आतली ऊब, दमटपणा, पंखा, सगळं तो कंट्रोलर सांभाळतो. बायकोला कोंबड्या पाळायच्या होत्या आणि त्याही स्वतः उबवलेल्या. पहिल्या खेपेला एकही पिल्लू निघालं नाही. दुसऱ्या खेपेला दोन निघाली, पण जगली नाहीत. त्यानंतर ती दोन दिवस कुणाशी धड बोलली नव्हती. ही तिसरी खेप होती. अठ्ठेचाळीस अंडी, विसावा दिवस. त्या सकाळी दाराला कान लावला तर आतून बारीक चिवचिव ऐकू येत होती. अंड्याच्या आतून! बायकोचा चेहरा असा उजळला होता की मीसुद्धा हळवा झालो.

दुपारी ती पिल्लांचं खाद्य आणायला निघाली. जाताना बोट रोखून म्हणाली, ‘‘हे बघ, पिल्लं निघेपर्यंत त्याला हात लावायचा नाही.’’

‘‘कोण लावतंय?’’ मी म्हणालो.

ती कोपऱ्यावरून वळली आणि मी नव्या सॉफ्टवेअरचा पेनड्राइव्ह लावला.

मनात हेतू चांगला होता हो! ती परत येईल तेव्हा टीं-टीं बंद, यंत्र नवंकोरं आणि नवऱ्याचं कौतुक. पडद्यावर आधी एक सूचना आली, ‘काम पूर्ण होईपर्यंत वीज बंद करू नका.’ ती मी वाचली आणि स्वतःपाशीच ठेवली. मग टक्के सरकू लागले. दहा, वीस, तीस... तेवढ्यात ऑफिसचा कॉल आला. शनिवारी मी घरूनच काम करतो.

सासूबाई तिथेच खुर्चीत भाजी निवडत होत्या. त्या आमच्याकडेच राहतात. तीस वर्षं शाळेत कवायत शिकवली आहे त्यांनी. अजूनही त्या ‘जेवायला चला’ म्हणाल्या की माझे पाय आपोआप जुळतात.

‘‘आई, जरा लक्ष ठेवा. काही अडलं तर मला विचारा,’’ असं म्हणून मी कानाला हेडफोन लावून गॅलरीत गेलो.

पुढे काय झालं ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला क्रमानं सांगतो. टक्के बासष्टवर आले आणि थांबले. सासूबाईंनी एक मिनिट वाट पाहिली. दोन मिनिटं पाहिली. मग हाक मारली, ‘‘अहो जावई, बासष्टवर अडलंय! काय करू?’’

माझ्या कानात हेडफोन आणि हेडफोनमध्ये एक गिऱ्हाईक, ज्याच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला होता. मी गॅलरीतून खणखणीत आवाजात म्हणालो, ‘‘सोपं आहे! बंद करा, दहापर्यंत मोजा, चालू करा!’’

‘‘नक्की ना?’’ सासूबाईंनी विचारलं.

नेमकं गिऱ्हाइकानंही तेच विचारलं असावं, कारण मी म्हणालो, ‘‘अहो, नऊ वर्षं हेच करतोय मी. बिनधास्त करा!’’

सासूबाईंनी बिनधास्त केलं.

मी पाणी प्यायला आत आलो तर पडदा काळाठिक्कर! कोपऱ्यात एक लाल दिवा तेवढा लुकलुकतोय. पंखा बंद. आतला दिवा बंद.

‘‘आई! हे काय झालं?’’

‘‘तुम्हीच सांगितलंत तसं केलं. बंद केलं, दहापर्यंत मोजलं, चालू केलं. चालू काही होईना.’’

‘‘मी कधी सांगितलं?’’

‘‘आत्ता! गॅलरीतून! बिनधास्त करा म्हणालात!’’

गिऱ्हाइकाला ‘एक मिनिट थांबा’ म्हणून हेडफोन गळ्यात सोडला आणि बटणं दाबत सुटलो. ढिम्म! अर्धं नवं सॉफ्टवेअर, अर्धं जुनं, आणि कंट्रोलरला आपण कोण आहोत हेच आठवत नव्हतं. आत एक साधा काचेचा थर्मामीटर टांगलेला होता. तो साडेसदतीसवरून सदतीसवर आला होता.

‘‘दार उघडू नका!’’ सासूबाई गरजल्या. ‘‘आहे ती ऊब आत राहू दे. पांघरुणं आणा! गरम पाण्याच्या पिशव्या आणा! चला, हला!’’

मी हललो. दोन ब्लँकेटं, एक रजई, माझा हिवाळ्यातला कोट, सगळं त्या पेटीवर चढलं. कंट्रोलर आणि थर्मामीटर दिसेल एवढीच फट ठेवली. दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या पिशव्या लागल्या. तापानं फणफणलेल्या आजोबांना झोपवावं तसा इन्क्युबेटर दिसायला लागला. आणि नेमकी त्याच वेळी बायको खाद्याची पिशवी घेऊन दारात उभी राहिली.

तिनं पेटीकडे पाहिलं. माझ्या कोटाकडे पाहिलं. पेनड्राइव्हकडे पाहिलं. मला वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खाली बसली आणि रजईला कान लावला.

‘‘ऐकू येतंय का?’’ मी विचारलं.

‘‘गप्प बस. मला ऐकू दे.’’

नऊ वर्षांत पहिल्यांदा एखादं मशीन बिघडल्याची मला खरीखुरी भीती वाटली. दहा विभाग असते तरी हे दुखणं कुणाकडे पाठवणार होतो?

मी मोबाइलवरून इन्क्युबेटरवाल्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला. आधी सनई. मग एक बाई म्हणाल्या की माझा कॉल त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. हे वाक्य मीही रोज ऐकवतो, म्हणून त्याची किंमत मला पक्की ठाऊक होती! थर्मामीटर पस्तीसवर आला तेव्हा एक माणूस बोलला.

‘‘बोला साहेब. एकदा बंद करून चालू केलंत का?’’

‘‘केलं!’’ मी किंचाळलो. ‘‘म्हणूनच तर फोन केलाय!’’

त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘‘घाबरू नका. कंट्रोलरच्या मागं एक बारीक भोक आहे. त्यात पिन घालून आतलं बटण दाबून धरा. तसंच धरून वीज बंद करा, दहापर्यंत मोजा, मग चालू करा. हिरवा दिवा लागला की पिन काढा. पेनड्राइव्हवरून तो पहिल्यापासून सगळं भरून घेईल.’’

म्हणजे औषध तेच! मला हायसं वाटलं. बायकोनं केसातली पिन काढून भोकात धरली, मी बटण बंद केलं. ‘‘एकदोनतीनचारपाचसहासातआठनऊदहा!’’ चालू केलं. लाल दिवा!

पुन्हा केलं. लाल! तिसऱ्यांदा केलं. लालच! थर्मामीटर चौतीस.

‘‘साहेब,’’ फोनमधला माणूस म्हणाला, ‘‘दहा मोजताय की गाडी पकडताय? आतली उरलेली वीज उतरायला पूर्ण दहा सेकंद लागतात.’’

आता खरं सांगायला हरकत नाही. नऊ वर्षांत हजारो लोकांना मी दहापर्यंत मोजायला लावलं, पण स्वतः एकदाही मोजलं नव्हतं.

‘‘व्हा बाजूला,’’ सासूबाई म्हणाल्या. पदर खोचला, बटणापाशी ताठ उभ्या राहिल्या आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झाल्या, ‘‘एऽऽक! दोऽऽन! तीऽऽन!’’ माझे पाय जुळले. बायकोची पाठ ताठ झाली. ‘‘नऊऽऽ! दहाऽऽ!’’

खट्! हिरवा दिवा!

आणि माझ्या गळ्यातल्या हेडफोनमधून एक बारीक आवाज आला, ‘‘साहेब, माझापण चालू झाला!’’ प्रिंटरवाला! तो बिचारा अजून लाइनवरच होता आणि आमच्याबरोबर मोजत होता.

टक्के पुन्हा सरकू लागले. मी सगळ्या खोलीला बजावलं, कुणीही कशाला हात लावायचा नाही. बासष्टवर येऊन ते पुन्हा थांबले. एक मिनिट. दोन मिनिटं. सासूबाईंनी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. बायकोनं माझा हात घट्ट धरला, प्रेमानं नव्हे, तो बटणाकडे जाऊ नये म्हणून. तिसऱ्या मिनिटाला ‘त्रेसष्ट’ आलं. त्याला बासष्टवर जरा वेळ लागत होता एवढंच! काही अडलं नव्हतंच मुळी.

पंखा फिरला, दिवा लागला, पारा चढू लागला. आम्ही रजई काढली आणि तिघंही काचेला नाक लावून बसलो. बराच वेळ काही नाही. मग मधल्या रांगेतल्या एका अंड्याला बारीक भेग गेली आणि आतून कुणीतरी टोच मारली. बायको हसत होती आणि रडतही होती. मी पण रडलो, उगाच कशाला लपवू?

दुसऱ्या दिवसापर्यंत एक्केचाळीस पिल्लं निघाली. सोमवारी ऑफिसात प्रिंटरवाल्याचा अभिप्राय आला, ‘साहेब ठीक आहेत. मोजणाऱ्या बाई उत्तम.’ आमच्या मोठ्या साहेबांनी मला बोलावून त्या बाई कोण आणि त्या रोज येऊ शकतील का, असं विचारलं.

घरी आलो तर इन्क्युबेटरवर बरोबर माझ्या डोळ्यांच्या उंचीवर बायकोनं ठळक अक्षरांत कागद चिकटवला होता, ‘हात लावू नये.’

‘‘घरात आपण तिघंच,’’ मी जरा फुरंगटून म्हणालो. ‘‘हे नक्की कुणासाठी लिहिलंयस?’’

खाद्य पसरता पसरता, मान वर न करता ती म्हणाली, ‘‘आईनं निदान विचारून तरी केलं होतं. आणि पिल्लांना वाचता येत नाही.’’