विहीणबाईंचे एकवीस देव

दिवाळसणाला विहीणबाईंना काय द्यायचं, यावरून बालाघाटच्या टिकाराम गुरुजींच्या घरी आठ दिवस वाद चालला होता. मुलगी मयुरी वैशाखात गोंदियाला दिलेली. तिची ही पहिली दिवाळी. व्याही भोजराज यांना पाडव्याला दुकानातलं वहीपूजन सोडून येता येणार नव्हतं. पण जावई राहुल येणार होता आणि त्याच्याबरोबर त्याची आई तुळसाबाई. तुळसाबाई फार कमी बोलत. लग्नात मानाची साडी उलगडून त्या "बरी आहे" एवढंच म्हणाल्या होत्या आणि गुरुजींच्या पत्नी गोदाबाई सहा महिने त्या "बरी"चा विचार करत होत्या.

"डिनर सेट देऊ," गोदाबाई म्हणाल्या.

"त्याईच्या घरी तीन आहेत. दोन तर खोक्यातून निघालेच नाही," गुरुजी म्हणाले.

"मग काजूकतली."

"ती त्या दुसऱ्याले देतील, दुसरा तिसऱ्याले. पुढच्या दिवाळीले फिरून आपल्याच घरी येईन."

"मग द्याव तरी काय?"

"ज्याच्या हातची वस्तू त्याचं नाव सांगता आलं पाहिजे, असं काही द्याव. बिरसा भागात माह्या हाताखाली शिकलेल्या पोरी किती सुंदर चित्रं काढून राह्यल्या! बचत गटवाल्या बाया कुटकी इकते, मध इकते. ते सोडून कंपनीचं खोकं काहून द्याव?"

गोदाबाईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं. "तुमच्या मनासारखं करा. पण ह्या वेळी काही चुकलं, तर भोगावं माह्या लेकीले लागंल. तुम्ही इथं बसान, ती तिथं राहीन."

गुरुजींना हे पटत होतं. म्हणूनच त्यांनी ठरवलं, की जातीनं जायचं आणि नीट निवडून आणायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ते बिरशाला गेले. त्या भागातल्या शाळांमध्ये त्यांची बावीस वर्षं गेली होती. बचत गटाच्या दुकानातून त्यांनी कुटकी हे बारीक भरडधान्य आणि मधाची बाटली घेतली. मग पुढच्या गावात शांताबाईंच्या घरी पोचले. शांताबाई त्यांच्याकडे चौथीत होत्या. आता त्यांची गोंडी चित्रं भोपाळ-दिल्लीपर्यंत जात. अंगणातच बैठक मांडून, ठिपक्याला ठिपका जोडत त्या एक हरीण रंगवत होत्या.

"गुरुजी! बैठो, बैठो. किसके लिए चाहिए?"

"समधन के लिए, बेटी. पहली दिवाली है."

शांताबाईंचा चेहरा खुलला. सोयऱ्यांसाठी चित्र काढायची त्यांची स्वतःची एक रीत होती. एकच झाड, एका फांदीवर एक घर, दुसरीवर दुसरं. ज्या घरात जितके देव, तितके पक्षी त्या फांदीवर. गोंडांमध्ये घराण्याची ओळख देवांच्या संख्येवरून सांगतात, कोणी चार देवांचे, कोणी पाच, सहा, सात. गुरुजींना हे माहीत होतं. नोकरीच्या काळात ज्या गावात ते राहत, तिथल्या लोकांनी त्यांना प्रेमानं सात देवांच्या घरात धरलं होतं.

"आप तो सात वाले," शांताबाई म्हणाल्या. "समधन के घर कितने?"

इथे गुरुजी चुकले. तुळसाबाई काही गोंड नव्हत्या, त्यामुळे खरं उत्तर "माहीत नाही" असं होतं. पण गुरुजींच्या डोक्यात दुसराच हिशेब चालू झाला. आपले सात आणि विहिणीचे सहा सांगितले, तर मुलीकडच्यांनी स्वतःला एक जास्त घेतला असं होईल. मुलीच्या बापानं असं करणं शोभतं का?

"उनके भी सात," ते उदारपणे म्हणाले.

शांताबाईंचा कुंचला थांबला.

"सात और सात तो भाई-भाई हुए, गुरुजी. फिर ब्याह कैसे हो गया?"

सारख्या देवांच्या घरांत सोयरीक होत नाही, हे मात्र गुरुजींनी बावीस वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. ते घाईघाईनं म्हणाले, "तो आठ बना दे."

"आठ होते ही नहीं."

"छह?"

"गुरुजी, आप ही कहते थे न, अंदाज से जवाब मत लिखो?"

अंगणात चार-पाच पोरं गोळा झाली होती आणि गुरुजींची परीक्षा चाललेली पाहून खूश झाली होती.

"अरे, पण हम लोग गोंड थोडे ही हैं, बेटी," गुरुजींनी शेवटचा प्रयत्न केला.

"न सही. घर में देव तो होंगे? जितने हैं, उतने पूछ लो. झूठे पंछी मैं नहीं बिठाऊँगी."

गुरुजींनी गोंदियाला फोन लावला. नेमक्या तुळसाबाईंनीच उचलला.

"विहीणबाई, नमस्कार. एक विचारायचं होतं. तुमच्या देवघरात देव किती आहेत?"

पलीकडून आवाज आला, "काहून?"

भेट काय आहे ते आधीच सांगून टाकणं गुरुजींना बरं वाटेना. "असंच. दिवाळीसाठी पाह्यजे होतं," ते म्हणाले.

"थांबा. मोजून सांगते."

मोजायला पाच मिनिटं लागली. "एकवीस," तुळसाबाई म्हणाल्या. "माह्या सासूचे अकरा, तिच्या सासूचे सहा, अन् लोकाईनं दिलेले चार." आणि फोन बंद झाला.

"इक्कीस!" शांताबाई म्हणाल्या. "रोज नहलाता कौन है सबको?"

"वही. अकेली."

"उमर?"

"साठ-बासठ."

शांताबाईंनी जिभेनं 'च्च' केलं आणि कोरा कागद पुढे ओढला. "जाओ, गुरुजी. पाडवा के दिन पहली बस से भेज दूँगी."

गुरुजी समाधानानं घरी आले. ते समाधान दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी मयुरीचा फोन आला. ती दबक्या आवाजात बोलत होती.

"बाबा, तुम्ही चांदीचे देव देऊन राह्यले का?"

"कोण म्हणते?"

"सासूबाई शेजारच्या काकूले सांगत होत्या. व्याह्यानं देव मोजून घेतले म्हणे, चांदीचे आणतीन. काल्ह सुतार बोलावला होता. देवघराले एक फळी वाढवली."

गुरुजी खुर्चीत बसले. "बाई, तूच सांग त्याईले, का चित्र आहे म्हणून."

"मी कशी सांगू? फळी लावली तेव्हापासून त्या बोलूनच नाही राह्यल्या. रातच्याही जाग्याच असते."

गोदाबाईंनी फोनला कान लावून सगळं ऐकलं होतं. "झालं! आनंदानं झोप नाही येऊन राह्यली त्याईले. फळी लावून बसल्या अन् आपण देणार कागद! उठा, सराफाकडं जा."

गुरुजी गेले. सराफानं गणपती, लक्ष्मी, अन्नपूर्णा असे ओळीनं मांडले आणि विचारलं, "गुरुजी, कितने दूँ?" गुरुजींनी त्या मूर्ती एकेक करून पाहिल्या आणि ते हात हलवत परत आले.

"काहून नाही आणले?" गोदाबाईंनी दारातच विचारलं.

"नीट ऐक. आपण एक जरी देव दिला, तर त्यांच्याकडं बावीस होतीन. चित्रात पक्षी आहेत एकवीस. म्हणजे चित्र चुकीचं. शांतानं विचारलं, तर मी तिले काय सांगू?"

वर्गात न समजलेली गोष्ट गुरुजी तीनदा समजावून सांगत. ही गोष्टही त्यांनी तीनदा सांगितली. गोदाबाईंना ती एकदाही समजली नाही.

पाडव्याच्या दिवशी बस उशिरा आली. गोणपाटात गुंडाळून सुतळीनं बांधलेलं ते पुडकं घेऊन गुरुजी ऑटोतून उतरले, तोच मयुरी आणि तुळसाबाईंना घेऊन राहुलची गाडी दारात येऊन थांबली. चित्र कसं झालं आहे, ते पाहायलाही वेळ मिळाला नाही.

तुळसाबाईंचा चेहरा ओढलेला होता, डोळे सुजले होते. पुरणपोळी त्यांनी अर्धीच खाल्ली. कुटकीच्या खिरीची वाटी तर बाजूलाच सारली. गोदाबाई स्वयंपाकघरात जाऊन मयुरीला म्हणाल्या, "पाह्य, जेवणातही मन नाही. देवाची वाट पाहून राह्यल्या." मयुरीनं डोळे मिटून घेतले.

शेवटी गुरुजींनी पुडकं पुढे केलं. "विहीणबाई, आमच्याकडून."

तुळसाबाईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं, वरून चाचपलं आणि गोंधळून वर पाहिलं. "चपटं आहे."

"हौ," गुरुजी म्हणाले.

"पुरंच चपटं?"

"हौ."

सुतळी सुटायला वेळ लागला. राहुल कात्री आणायला उठला, तर तुळसाबाई म्हणाल्या, "राहू दे." गोणपाट निघालं. आत चौकटीत एक मोठं हिरवं-पिवळं झाड होतं. डावीकडच्या फांदीवर सात पक्षी ऐसपैस बसले होते. उजवीकडच्या फांदीवर एकवीस जणांची दाटी झाली होती. आणि झाडाखाली सावलीत एक बाई पाय लांब करून, पाठ टेकून बसली होती. दोन्ही फांद्यांवरचे पक्षी चोचीत पानं धरून तिला वारा घालत होते.

तुळसाबाईंनी बोट ठेवून पक्षी मोजले. एकवीस भरले. मग त्यांनी गोणपाट उलटं करून झटकलं. त्यातून काही पडलं नाही.

"देव कुठी आहेत?" त्यांनी विचारलं.

गुरुजी उभे राहिले. "देव नाही आणले, विहीणबाई. चूक माही आहे. मयुरीले यातलं काही माहीत नव्हतं. तिले बोलू नका."

"नाही आणले?"

"नाही."

"एकही नाही? मागून येणार आहेत का?"

"नाही, विहीणबाई. एकही नाही."

तुळसाबाईंनी इतका मोठा श्वास सोडला, की कपाळावरची बट उडाली. "माय वो!" त्या म्हणाल्या आणि मांडी मोडून त्यांनी पाय समोर पसरले. "पाच रात्री झोपली नाही मी, गुरुजी! एकवीस देवाईले आंघोळ घालता घालता गुडघे गेले माहे. अन् तुम्ही मोजून घेतले! म्हटलं, आता आणखी येतीन. व्याह्यानं दिलेले देव नाही कसे म्हणाव? कोणाले देता येत नाही, पेटीत ठेवता येत नाही. फळी लावली अन् तिच्याकडं पाहून रडली मी."

"अन् मी सराफाकडं पाठवत होती याईले!" गोदाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"बरं झालं नाही गेले," तुळसाबाई म्हणाल्या. गुरुजींनी नजर खिरीच्या पातेल्याकडे वळवली.

तुळसाबाईंनी चित्र मांडीवर घेतलं. "याले काही लागते का? फूल, पाणी?"

"काही नाही. कोरड्या फडक्यानं पुसलं, की झालं."

"कोणी पुसावं?"

"कोणीही. राहुलही चालते."

"आई, मी पुसीन," राहुल लगेच म्हणाला. मयुरी तोंडाला पदर लावून हसू लागली. सहा महिन्यांत सासूसमोर ती पहिल्यांदाच हसत होती.

"अन् ही खाली बसली ते?" तुळसाबाईंनी विचारलं.

"ती शांतानं तिच्या मनानं काढली. मी नाही सांगतलं."

"मले न पाह्यता?"

"फोनवर एकवीस ऐकलं ना तिनं."

तुळसाबाईंनी त्या बाईच्या लांब केलेल्या पायांवरून बोट फिरवलं. मग त्यांनी खिरीची वाटी ओढून घेतली, ती संपवली, आणखी एक वाटी मागून घेतली आणि "जरा पडते" म्हणून खाटेवर आडव्या झाल्या. दोन मिनिटांत त्या घोरू लागल्या.

पाच वाजले. राहुल घड्याळ पाहू लागला. "आईले उठवू का? घरी दिवाबत्ती राहिली आहे."

"उठवू नका," गुरुजी, गोदाबाई आणि मयुरी एकदमच म्हणाले.

राहुलनं हळू आवाजात वडिलांना फोन लावला. "बाबा, आईले यायले उशीर आहे. आज देवाची दिवाबत्ती तुम्ही करा."

पलीकडून भोजराजांचा घाबरलेला आवाज सगळ्या खोलीत ऐकू आला. "मी? अरे, इतके सारे आहेत इथं! कोणापासून सुरू करू?"

"कोणापासूनही करा," डोळे न उघडताच तुळसाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी कूस बदलली.