कौसरआपांचं जनावर

पाण्याखाली राहणाऱ्या अजस्र जनावरांचे भीतिपट मी पोत्यानं पाहिले आहेत, पण त्यातलं एकही जनावर शेवटी कसं मरतं हे मला सांगता येणार नाही. आमच्या अख्ख्या सोसायटीची हीच गत आहे. आणि त्याला कारण कौसरआपा. सिनेमा शेवटाला आला, नायकानं बॉम्ब नाहीतर भाला हातात घेतला, की आपा शांतपणे रिमोट उचलतात आणि टीव्ही बंद करतात. मग पदर सावरून उरलेली गोष्ट स्वतःच सांगतात.

"मंग जनावरानं इचार केला, ह्या लोकांच्या नादी कशाला लागायचं. गेलं खाली आपल्या घरी. चला, चहा घ्या."

कुठलाही सिनेमा असो, शेवट हाच. टीव्ही आपांचा, सिनेमे आपांनी जमवलेले, चहाही आपांचा. त्यामुळे तक्रार करायची कुणी?

आपा मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या. जगातले सगळे समुद्र त्यांनी फळ्यावर निळ्या खडूनं रंगवले, प्रत्यक्षात एकही पाहिला नाही. लग्न केलं नाही. आमच्या चिकलठाण्याकडच्या सोसायटीत माझ्या शेजारच्या घरात राहतात आणि दर रविवारी दुपारी सोसायटीच्या हॉलमध्ये खिडक्यांना चादरी लावून खेळ मांडतात. सासू-सुनांच्या मालिका बघणारी माझी बायको सुनंदासुद्धा रविवारी पुढची खुर्ची पकडायला माझ्याआधी निघते.

या सिनेमांत एवढं काय आहे, असं मी सुरुवातीला विचारलं होतं. आपांनी मला वर्गात उभं केल्यासारखं पाहिलं.

"भाऊ, वाघाची भीती डोळ्याला वाटती. पाण्यातल्या जनावराची भीती तळपायाला वाटती. खाली काय हाय ते दिसत नाय, आन् पाय तर खालीच असतेत."

हे शंभर टक्के खरं आहे. पडद्यावर कुणी पोहायला उतरलं आणि पाणी नुसतं हललं, की हॉलमधले सगळे पाय खुर्चीवर येतात. बाहेर मे महिन्याचं ऊन, टाकीत खडखडाट, समुद्र शेकडो मैल लांब, आणि आम्ही फरशीवर पाय ठेवायला घाबरतो. माझं तर ठाम मत आहे की, असले सिनेमे खरे आमच्यासाठीच काढलेले आहेत. दोन तास डोळ्यांपुढे पाणीच पाणी, तेही फुकट. किनाऱ्यावरच्या माणसाला त्याचं काय कौतुक?

जनावरांबद्दल आपांची मतं पक्की होती. मगर नापास. "आपल्या नदीतली. तिचं काय नवल?" शार्क म्हणजे कारकून, नेमून दिलेलं काम करतो आणि जातो. बऱ्याच हातांचं जे असतं ते त्यांना आवडायचं, पण सगळ्यात वरचा नंबर जे अर्धा सिनेमा दिसतच नाही त्याचा. "दिसलं की त्याची निम्मी इज्जत गेली," असं त्या म्हणत. आणि कुणी त्या जनावराला शिवी दिली, की त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा, "कुणाच्या घरात कोण शिरलं? ते क्रांती चौकात आलं व्हतं का तुम्हाला खायला?"

या खेळात एकच व्यत्यय होता. आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही. ऐन भीतीच्या वेळी, पडद्यावर काळी सावली नावेखाली सरकत असताना अंगणातला नळ फुसफुसायचा, कुणीतरी "पाणी आलं" म्हणायचं, आणि हॉल रिकामा. ज्या पाण्याला घाबरून पाय वर घेतले होते, त्याच पाण्यासाठी माणसं चप्पल न घालता पळायची.

मग वानखेडेसाहेब राहायला आले. आयुष्य लेखापरीक्षणात गेलेलं. पहिल्याच रविवारी टीव्ही बंद झाला आणि ते उभे राहिले.

"म्हणजे? मेलं की नाही?"

"घरी गेलं," आपा म्हणाल्या.

"हे पाहा बाई, अर्धवट फाइलवर मी जन्मात सही केली नाही."

तीन-चार रविवार त्यांनी कळ काढली. शेवटी सोसायटीच्या बैठकीत ठराव आणला. पुढचा सिनेमा पूर्ण दाखवावा, रिमोट त्यांच्याकडे असावा, नाहीतर हॉल देऊ नये. इतरांनाही मनातून शेवट बघायचाच होता. हात वर झाले. सुनंदाचाही झाला. आपा एवढंच म्हणाल्या, "बघू."

या बैठकीच्या आदल्या रविवारी माझा पाय प्लास्टरमध्ये होता. पळता येत नाही म्हणून मला खिडकीशी बसवून नळावर लक्ष ठेवायचं काम दिलेलं. मध्येच नळ फुसफुसला, मी वर्दी दिली आणि सगळे पळाले. आपांच्या घरची टाकी लहान, ती त्या नंतर भरायच्या. हॉलमध्ये आम्ही दोघंच उरलो.

आपा उठून टीव्हीपाशी गेल्या. पाणबुडे टॉर्च घेऊन तळाशी फिरत होते. उजेडात एक बुडालेली भिंत आली, दोन पायऱ्या आल्या. आपांनी सिनेमा मागे नेला. पुन्हा भिंत, पुन्हा पायऱ्या. पुन्हा मागे. नाक काचेला लागेल इतक्या जवळून त्या बघत होत्या.

"आपा, काय शोधताय?"

"काय नाय, भाऊ. खाली कसं दिसतं ते बघते." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आमचं गाव पैठणच्या धरणात गेलं. मी सातवीत व्हते. अब्बांनी सगळं गाडीत घातलं. दारं काढली, चौकटी काढल्या, चुलीजवळचा पाटा बी घेतला. अम्मी तेवढी ऱ्हायली."

"राहिली म्हणजे?"

"आधल्या साली वारली व्हती. कबर कशी घालणार गाडीत?"

मी नळावरची नजर काढून त्यांच्याकडे वळलो.

"उन्हाळ्यात पाणी उतरलं की मशिदीचा चौथरा उघडा पडतो. लोकं जातेत बघायला. कब्रस्तान सखलात हाय, ते कधीच उघडं पडत नाय. मी लई रडायचे, अम्मी पाण्यात एकटी हाय म्हणून. तवा अब्बा म्हणले, येडे, एवढ्या पाण्याच्या तळाला एक मोठं जनावर येऊन ऱ्हातं. कुणाला दिसत नाय. ते बसतंय अम्मीजवळ." आपा हसल्या. "भूगोल शिकवलाय मी, भाऊ. मला काय कळत नाय? पण ते लोकं भाले घेऊन त्याला मारायला निघाले ना, की माझ्यानं बघवत नाय."

बाहेरून भरलेल्या बादल्या घेऊन लोक परत येऊ लागले. आपांनी सिनेमा पुढे नेला आणि जागेवर जाऊन बसल्या. मला मात्र त्यानंतर पडद्यावरचं काही दिसलं नाही. एवढी धीट बाई इतकी वर्षं कशाची सोबत शोधत होती, हे भिंतीपलीकडे राहून मला कळलं नव्हतं.

ठरावाचा रविवार आला. हॉल गच्च. वानखेडेसाहेब रिमोट मुठीत धरून पुढच्या रांगेत. आपा त्यांच्या शेजारी, हात मांडीत घट्ट धरलेले. जनावराला एक भाला लागलेला होता, ते पाण्यावर आलं होतं, नायकानं दुसरा उचलला. आपांनी मान खाली घातली.

नळावर लक्ष ठेवायचं काम अजून माझ्याकडेच होतं. मी खिडकीबाहेर पाहिलं. नळ ठणठणीत कोरडा होता.

"पाणी आलं," मी म्हणालो.

एका दमात खुर्च्या सरकल्या. सुनंदा गेली, सगळे गेले. वानखेडेसाहेब क्षणभर थांबले, पडद्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. पण त्यांच्याही घरात आदल्या दिवसापासून पाणी नव्हतं. रिमोट खुर्चीवर टाकून तेही पळाले.

आपांनी रिमोट उचलला. मला वाटलं, आता बंद करतील. केला नाही. नायकाचा नेम चुकला होता. जनावर वळलं, जखम घेऊन सावकाश खाली निघालं. खाली, आणखी खाली, शेवटी नुसतं काळं पाणी उरलं. तिथं आपांनी बटण दाबलं.

लोक रिकाम्या बादल्या वाजवत परतले. माझा जो उद्धार झाला तो इथं लिहिण्यासारखा नाही. तो संपल्यावर वानखेडेसाहेब पुढे आले.

"तुम्ही होतात ना इथं? मग खरं सांगा. शेवटी काय झालं?"

अख्खी सोसायटी माझ्याकडे बघत होती. आपा पाठ करून कपात चहा ओतत होत्या, आणि त्यांचा हात मध्येच थांबला.

"मेलं नाही," मी म्हणालो. "मी डोळ्यांनी पाहिलं. गेलं खाली, आपल्या माणसाजवळ."

वानखेडेसाहेबांनी मला नीट पारखलं आणि मान डोलावली. आपांनी पदरानं डोळे पुसले, कप भरला, आणि सगळ्यांत आधी मला आणून दिला.