दोन सूत्रांचा परब

आमच्या भांडुपच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली, तरी वरच्या मजल्यावरचा विलास परब ते लगेच मान्य करत नाही. "दुजोरा आहे का?" असं विचारतो. दोन वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं, तरच जिना चढायला लागतो.

परब एका वाहिनीवर संध्याकाळी सातच्या बातम्या देतो. अठरा वर्षं झाली. समोरच्या पडद्यावरचा मजकूर वाचून वाचून त्याला बोलताना माणसाच्या कपाळाकडे बघायची सवय लागलीय. नवखा माणूस हळूच कपाळ पुसून घेतो. लग्नाचं विचारलं तर परब म्हणतो, "एका सूत्राकडून होकार होता, दुसऱ्याकडून दुजोरा मिळाला नाही." आजवर एकही चुकीची बातमी आपल्या तोंडून गेली नाही, ही बढाई मात्र तो दुजोऱ्याशिवाय मारतो.

माझी आई मूळची मालवणची. बातम्या संपल्या की ती परबला फोन लावायची आणि टायच्या रंगापासून पाडलेल्या खांद्यांपर्यंत सगळं काढायची. तो निमूट ऐकायचा आणि आमच्याकडे जेवायला यायचा.

बाबा गेले आणि आईचं बोलणंच आटलं. विचारलं तर हुं, नाहीतर तेही नाही. चार महिने झाले. ती आता अशीच राहणार, या विचाराने मला धडकी भरायची. परब रोज विचारायचा, "काकू आज बोलल्या?" मी नाही म्हणायचो. या एका बातमीला त्याने कधी दुजोरा मागितला नाही.

गेल्या मंगळवारी सात वाजता मी टीव्ही लावला. परब गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "रायगड जिल्ह्यातल्या मालवणमध्ये आज..." आईने मान वळवली. थोड्या वेळाने त्याने पुन्हा तेच सांगितलं. बातम्या संपेपर्यंत तिने कसाबसा दम धरला आणि फोन उचलला.

"विल्या, मालवण रायगडात कधी न्हेलंस रे? शाळेत गेल्लंस काय नाय?"

पुढची दहा मिनिटं ती थांबलीच नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परब दारात उभा. साहेबांनी लेखी खुलासा मागवला होता, संध्याकाळी पडद्यावर दिलगिरीही व्यक्त करायची होती. मी विचारलं, तुला तसंच लिहून आलं होतं का?

"समोर बरोबर लिहिलं होतं," तो म्हणाला. पहिल्यांदाच तो माझ्या डोळ्यांत बघत होता. "काकू बोलल्या ना? नक्की?"

मी हो म्हटलं, तेवढ्यात आतून आवाज आला.

"विलास इलो काय रे? चाय ठेवतंय."

"दुजोरा मिळाला," परब म्हणाला आणि चपला काढून आत गेला.